पाणवठा कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यात ‘छावणी’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती दावणीला बांधलेली भुकेली गुरे आणि पेंढीभर चाऱ्यासाठी ताटकळणारा शेतकरी. २०१६ व २०१९ च्या दुष्काळांत मराठवाड्याने अशा चारा-छावण्या पाहिल्या. आता महाराष्ट्रात दुसरीच छावणी रुजली आहे. पवना, भंडारदरा या धरणांच्या काठी शनिवार-रविवारी शहरवासीयांसाठी भाड्याचे तंबू उभे राहतात, शेकोट्या पेटतात, कर्णे वाजतात. हा धंदा उद्या बालाघाटातील रानांत आणि तलावांकाठी येणारच नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याचे नियम आजच ठरले पाहिजेत.

या जिल्ह्यात जंगल अत्यल्प. १९९७ साली घोषित झालेले येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरांचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे ५०० किलोमीटर चालून आलेला वाघ तेथील कॅमेऱ्यात टिपला गेला. पुढे गुरांवर हल्ले झाले आणि त्याला पकडण्यासाठी पथके धावली. एवढ्याशा रानाला लागून माणसांची शेते आणि वस्त्या आहेत, हे त्या निमित्ताने सर्वांना दिसले.

उन्हाळ्यात रानातले पाणी आटते. उरलेल्या पाणवठ्यावर वन्यप्राणी बहुधा सांज ते पहाट या वेळी येतात. नेमका त्याच वेळी काठावर झगमगाट आणि गोंगाट असेल, तर तहानलेले जनावर वस्तीच्या हौदाकडे वळणार. पाहुणा सोमवारी शहरात परततो. शेळी गमावतो तो मेंढपाळ. मौज एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, या व्यवहाराला न्याय म्हणता येणार नाही.

याचा अर्थ शहरी माणसाने रानात पाऊलच ठेवू नये, असा नव्हे. चाळीच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला चांदण्यांखालची एक रात्र लाभणे ही चैन नसून शिक्षण आहे. अभयारण्यात शिरण्यास परवाना लागतो आणि रानाला धोका होईल असा विस्तव पेटवण्यास मनाई आहे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते केले. परंतु ही बंधने अभयारण्याच्या हद्दीपुरती आहेत. हद्दीबाहेरच्या तलावांचे काय?

तेथे ग्रामसभेचा शब्द अंतिम असावा. तंबू पाण्यापासून दूर, गावालगतच्या पडीक जमिनीवर पडावेत. सूर्यास्तानंतर कर्णे बंद राहावेत. भाड्याचा पैसा गावाकडे यावा आणि त्यातून मारल्या गेलेल्या जनावराची भरपाई आधी व्हावी. ज्याने दुष्काळात दावणीची गुरे जगवली, त्याला पाण्याचे मोल कोणी शिकवण्याची गरज नाही. त्याला विचारल्यावाचून त्याच्या तलावाकाठी एकही खुंटी ठोकली जाऊ नये.