हात कधी आवरायचा, कधी द्यायचा

पावसाळ्यात अंगणातल्या लोखंडी तारेवर कपडे वाळत घालताना बाईला शॉक लागतो. तिला सोडवायला मुलगा धावतो, मुलाला ओढायला बाप. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर ही बातमी गावाचे नाव बदलून पुन्हापुन्हा येते. कारणही बहुधा तेच असते: घरात येणारी सर्व्हिस वायर कुठेतरी सोलवटलेली असते, ती पत्र्याला घासते आणि पत्र्याला बांधलेल्या तारेत वीज उतरते. खाली ओल्या जमिनीवर माणूस अनवाणी उभा असतो. पहिला बळी निष्काळजीपणाचा म्हणता येईल. दुसरा आणि तिसरा मायेचा असतो. शाळेतल्या विद्युत सुरक्षेच्या पाठात नेमकी हीच दुसऱ्या-तिसऱ्या बळीची गोष्ट राहून जाते.

पाठ्यपुस्तकांत वीज नाही असे नाही. बालभारतीच्या सातवीच्या विज्ञानात स्थितिक विद्युत आणि तडितरक्षक येतो, दहावीत घरगुती जोडणी, अर्थिंग आणि फ्यूज. विज्ञान म्हणून ते आपल्या जागी योग्यच आहे. पण खांबाच्या ताणाला लोंबकळणारे पोर दुसरीत असते आणि डीपीच्या उघड्या पेटीमागे गेलेला चेंडू आणणारे चौथीत. त्यांना दहावीपर्यंत थांबवता येत नाही.

घरातला दाब 230 व्होल्टचा. त्वचा ओली असली की शरीराचा रोध साधारण 1,000 ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे अंगातून सुमारे 0.23 अँपिअर प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडवायला याहून बराच कमी प्रवाह पुरतो. स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि तार सोडायची म्हटली तरी सुटत नाही. अशा माणसाला हात लावणाराही त्याच प्रवाहाच्या वाटेत येतो. वरच्या वर्गांतल्या मुलांकडून हे गणित फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे. खालच्या वर्गांना गणित नको, सराव हवा. एका मुलाने हातात दोरी धरून ‘आई’ व्हायचे; दुसऱ्याने धावत यायचे, पण चार पावलांवर थांबून मोठ्याने ओरडायचे आणि मेन स्विचकडे पळायचे. हे थांबणेच सर्वांत अवघड आहे. आई समोर तडफडत असताना सात वर्षांचे मूल थांबेल, अशी अपेक्षा एकदा सांगून करता येणार नाही. तो सराव वर्षातून अनेकदा व्हायला हवा. घरचा मेन स्विच कुठे आहे, तिथे आपला हात पोहोचतो का, नसेल तर शेजारी कोणाला हाक मारायची, हे प्रत्येक मुलाने घरी पाहून यावे, हा पहिला गृहपाठ.

कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला करा, असे अनेक भित्तिपत्रकांवर असते. मुलांना ते शिकवू नये. शेतात तुटून पडलेली तार 11 केव्हीची आहे की घरगुती, हे मुलाला ओळखता येत नाही आणि 11 केव्हीपुढे काठीचा भरवसा नाही. शिवाय पडलेल्या तारेभोवतीच्या जमिनीतही वीज पसरलेली असते. तिथे लांब ढांगा टाकल्या तर दोन पायांमधल्या दाबाच्या फरकाने शॉक बसतो. मुलांसाठी सूचना एवढीच: दूर राहा, जनावरांनाही जाऊ देऊ नका, मोठ्यांना सांगा. मोठ्यांनी 1912 या क्रमांकावर कळवावे.

आता आभाळातल्या विजेकडे वळले की नियम उलटा होतो. वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज उरत नाही. त्याला ताबडतोब हात लावायचा असतो. यातले बहुतेक मृत्यू हृदय आणि श्वास थांबल्याने होतात आणि छातीवर दाब व कृत्रिम श्वास लगेच मिळाला तर माणूस परत येऊ शकतो. तरीही लोक भीतीने लांब उभे राहतात. छत्तीसगडच्या काही भागांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवल्याच्या बातम्या आल्या आहेत. त्यात 108ची रुग्णवाहिका बोलावण्याची मोलाची मिनिटे जातात. तारेला चिकटलेल्याला शिवायचे नाही, विजेने पडलेल्याला लगेच सांभाळायचे, हा फरक एकाच तासात शेजारी-शेजारी ठेवून शिकवला तरच मुलांच्या डोक्यात गोंधळ होत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 मध्ये देशात वीज पडून 2,887 माणसे गेली. महाराष्ट्रात हा धोका वळवाच्या आणि परतीच्या पावसात, दुपार कलताना जास्त. उन्हाळी सुट्टीत वादळ सुटले की मुले पडलेल्या कैऱ्या वेचायला आंब्याखाली धावतात, आणि तीच जागा सर्वांत वाईट. झाडावर पडलेली वीज बाजूला उडी घेते, मुळांवाटे जमिनीत पसरते. विजेच्या इजांपैकी सुमारे निम्म्या जमिनीतून येणाऱ्या प्रवाहाच्याच असतात. मांडव, गोठा, चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड यांत पावसापासून आसरा मिळतो, विजेपासून नाही. पक्की इमारत किंवा खिडक्या लावलेली एसटी, एवढेच भरवशाचे. उघड्यावर उकिडवे बसण्याचा सल्ला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाचा आहे. त्याला सुरक्षित आसन म्हणून शिकवणे धोक्याचे आहे.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत अजून गावोगाव आहे. वर्गात एखादे पायाळू मूल असते आणि वादळात बाकीची त्याच्यापासून सरकतात. शिक्षकांनी यावर स्पष्ट बोलावे: वीज जन्म कसा झाला हे पाहत नाही, उंची आणि उघडी जागा पाहते. मूल पायाळू नसले म्हणून माळरानावर सुरक्षित ठरत नाही.

सगळ्यांत मोठा निर्णय मात्र मुलांचा नसतो. पाच वाजलेत, आभाळ गडगडते आहे आणि ‘पाऊस यायच्या आत पळा घरी’ म्हणून शाळा सोडली जाते. ही चूक काळजीपोटी होते, तरी ती चूकच. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचण्याच्या टप्प्यात आहे. चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत मुले वर्गातच हवीत, व्हरांड्यात किंवा नळापाशी नव्हेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातल्या विजांची सूचना देते. ते मुख्याध्यापकांच्या फोनवर असावे. उशिरा सोडण्याची ही पद्धत पालकसभेत आधीच सांगितलेली असली, तर फाटकापाशी वाद होत नाहीत.

इमारतीचेही पाहावे लागेल. युगांडातल्या रुन्यान्या प्राथमिक शाळेवर जून 2011 मध्ये वीज पडली. 18 मुले आणि एक शिक्षक दगावले. शाळेला तडितरक्षक नव्हता. आपल्याकडे तडितरक्षकाबरोबर आरसीसीबीचाही प्रश्न आहे. एमसीबी असली की शाळा सुरक्षित, असे अनेकांना वाटते. एमसीबी जादा भारापासून वायरिंग वाचवते. माणसाला वाचवणारी 30 मिलिअँपिअरवर तुटणारी आरसीसीबी वेगळी असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि बोअरची मोटर, पाण्याचा कूलर व संगणक कक्ष यांचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.

वळीव सुरू होण्याआधी, मार्चमध्येच, प्रत्येक शाळेने दोन्ही सराव घ्यावेत: हात आवरण्याचा आणि हात देण्याचा. मुलांनी कुठे गोंधळ केला, कोणते प्रश्न विचारले, याच्या नोंदी शिक्षकांनी या मासिकाकडे पाठवाव्यात. जूनच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.