सरोजिनीनगरचा बाजार आणि उद्योग भवनाची दारे

सरोजिनीनगरच्या बाजारात सुटीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. निर्यातीतून उरलेले किंवा किरकोळ दोषामुळे नाकारले गेलेले कपडे येथे शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. त्यांवरील परदेशी नाममुद्रा काही अस्सल, काही नकली. शेजारच्या सरकारी वसाहतींत राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा बाजार परिचित आहे. यातील अनेक परदेशी कंपन्या खरेदीदार म्हणून भारतात केव्हाच आल्या होत्या. विक्रेता म्हणून येण्यास मात्र त्यांना वर्षे लागली. त्याचे कारण बाजारात नव्हे, उद्योग भवनात शोधावे लागते.

परक्या बाजारपेठेत शिरण्याच्या वाटा मोजक्याच असतात: माल पाठवणे, नाममुद्रा वापरण्याचा परवाना देणे, स्थानिक भागीदारासह संयुक्त कंपनी काढणे किंवा पूर्ण मालकीने उतरणे. जोखीम वाढते तसा ताबाही वाढतो. हा हिशेब कंपनीने करावा, असे अर्थशास्त्र सांगते. किरकोळ व्यापारात आपल्याकडे तो बराचसा सरकारनेच केला.

मार्क्स अँड स्पेन्सर २००१ मध्ये फ्रँचायझीच्या वाटेने आली. फेब्रुवारी २००६ मध्ये एकाच नाममुद्रेच्या दुकानांत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीस मुभा मिळाली, तेव्हा २००८ मध्ये तिने रिलायन्सशी भागीदारी केली. झाराची मालक इंडिटेक्स टाटांच्या ट्रेंटला ४९ टक्के देऊन २०१० मध्ये साकेतच्या मॉलमध्ये आली. जानेवारी २०१२ मध्ये ही मर्यादा १०० टक्के झाली आणि २०१५ मध्ये एच अँड एमने त्याच मॉलमध्ये पूर्ण मालकीचे दुकान थाटले. इमारत तीच, ग्राहक तोच. बदलली होती ती अधिसूचना.

बहुविध नाममुद्रांच्या दुकानांचा प्रश्न मात्र राजकारणात अडकला. सप्टेंबर २०१२ मध्ये ५१ टक्क्यांना मान्यता मिळताच ममता बॅनर्जींनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढला. अंतिम निर्णय राज्यांवर सोपवण्यात आला. महाराष्ट्र आणि दिल्लीने संमती दिली. जानेवारी २०१४ मध्ये केजरीवाल सरकारने दिल्लीची संमती मागे घेतली. या वाटेने ट्रेंटचा हात धरून टेस्को तेवढी आली. वॉलमार्टने भारतीशी २००७ मध्ये घाऊक व्यापारासाठी केलेली भागीदारी २०१३ मध्ये मोडली आणि २०१८ मध्ये १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ताबा घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ई-व्यापाराचे नियम कडक झाले.

यातून दोन गोष्टी दिसतात. उदार नियमांपेक्षा स्थिर नियम अधिक गुंतवणूक आणतात, ही पहिली. दुसरी अधिक बोचरी आहे: बंधने छोट्या दुकानदाराच्या नावाने घातली गेली, पण भागीदारीतला वाटा बड्या उद्योगसमूहांकडे गेला. पदपथावरील विक्रेत्याला परकीय गुंतवणुकीच्या धोरणाने काही दिले नाही. त्याच्या कामाचा आहे तो २०१४ चा पथविक्रेता कायदा. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या पुनर्विकासातून या वसाहतीचे रूप पालटत असताना त्या कायद्याची अंमलबजावणी कशी होते, यावर त्याचे भवितव्य ठरेल. परदेशी कंपनीला एक दार बंद झाले तर दुसरे शोधण्याची ऐपत असते. पदपथावरच्या विक्रेत्याला ती नसते. धोरण आखणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवले तरी पुरे.