पेटीतले मॅगझिन

"मॅगझिनमध्ये मॅगझिनविषयी लेख!" असे म्हणून आमच्या संपादक-मंडळातील एक विद्यार्थी मनमोकळे हसला. त्याच्या हसण्याला माझी हरकत नाही. पण ही दोन्ही मॅगझिने एकाच घराण्यातील आहेत हे त्याला ठाऊक नसावे. मूळ शब्द अरबी 'मख्जन', म्हणजे कोठार. आपला 'खजिना' ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून हाही आला. इंग्रजीत तो आधी मालाच्या आणि दारूगोळ्याच्या कोठारासाठी रुळला. १७३१ साली लंडनला 'जंटलमन्स मॅगझिन' निघाले तेव्हा लेखांच्या कोठारालाही तेच नाव मिळाले. रायफलीच्या पोटाखाली बसणारी पत्र्याची पेटी हे त्याच घराण्यातील सर्वांत धाकटे कोठार. त्यात दहा-वीस काडतुसे मावतात. या धाकट्या कोठाराकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, अशी माझी तक्रार आहे.

मी मूळचा कारापूरचा. डिचोली तालुक्यातील आमच्या भागात बंदूक म्हटली की ती ठासणीची. शेतात रानडुकरे उतरली की जुनी माणसे ती बाहेर काढीत. नळीत दारू घालायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, केप चढवायची आणि मग कुठे एक बार. तो चुकला की डुक्कर गेले आणि भातही गेले. अशा बंदुकीला मॅगझिन नसते. म्हणून दारू सुकी आहे की नाही, केप नीट बसली आहे की नाही, हे म्हातारा स्वतः दोनदा बघे. पुढे घाट चढून मी बेळगावला कॉलेजात आलो आणि एन.सी.सी.त दाखल झालो. तिथे हाती रायफल आली आणि ती दोनदा बघण्याची सवय सुटली. दहा गोळ्या आहेत म्हटल्यावर एकीची काळजी कोण करतो?

रेंजवरची पहिली गंमत सांगतो. हुकूम आला, "खाली कर!" आम्ही मराठी मुलांनी निमूटपणे रायफलीचे तोंड खाली केले. शेजारच्या धारवाडकडील मित्राने मात्र बरोबर मॅगझिन काढून रायफल रिकामी केली, कारण कन्नडमध्ये 'खाली' म्हणजे रिकामे, हिंदीत असते तसेच. उस्ताद आमच्यावर ओरडले. तो मित्र आठवडाभर आम्हाला चिडवत होता.

पुढची गोष्ट मात्र हसण्याजोगी नाही. एका आंतर-तुकडी स्पर्धेत आमच्या चमूला एस.एल.आर.ने जलद फैरी झाडायच्या होत्या. गोळ्या दहा, वेळ मोजका. कोतमधून आलेल्या लाकडी पेटीत मॅगझिने एकावर एक टाकलेली होती. मी वरचे उचलले, काडतुसे भरली आणि आडवा झालो. सात गोळ्या सुरळीत गेल्या. आठव्या वेळी चाप ओढला तो नुसता 'टक्' असा आवाज आला. कॉकिंग हँडल ओढून पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा 'टक्'. तिसऱ्यांदा ओढीपर्यंत शिट्टी वाजली. तीन काडतुसे पेटीतच राहिली. आम्ही हरलो, आणि हरलो ते तीन गोळ्यांच्या गुणांहून कमी फरकाने.

परतताना ट्रकमध्ये धारवाडचा तो मित्र गप्प होता. मग हळूच म्हणाला, "ते मॅगझिन सकाळी सरावाला माझ्याकडे होतं. दोनदा अडकलं. मी पेटीत परत टाकलं आणि दुसरं घेतलं." त्याने कोणाला सांगितले नाही, आणि मी कोणाला विचारले नाही. दोष दोघांचा होता. त्या दिवसापासून माझे मत बनले आहे की सर्व्हिस रायफलीच्या नेमबाजीत चांगले मॅगझिन निवडणे जितके महत्त्वाचे, तितकेच वाईट मॅगझिन पेटीबाहेर काढणे महत्त्वाचे.

कोणी म्हणेल, निवड कसली? १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लष्करी बोअरची रायफल तुम्हा-आम्हाला बाळगता येत नाही; मिळेल ते वापरायचे. हे खरे आहे. पण पेटीत वीस मॅगझिने असतील तर त्यांतले कोणते उचलायचे हे आपल्याच हाती असते. दुसरा म्हणेल, नेम चांगला हवा, मॅगझिनचे काय घेऊन बसलात? त्याच्यापुढे कोल्हापूरच्या मातीतील स्वप्नील कुसाळे यांचे उदाहरण असते. २०२४ साली पॅरिसला त्यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. पण त्या प्रकारात रायफलीत एकेक गोळी हाताने भरतात. तिथे मॅगझिनचा प्रश्नच येत नाही. सर्व्हिस रायफलीची स्पर्धा ही सैनिकाच्या कामाची परीक्षा आहे. तिथे नेमाइतकीच गती लागते, आणि गती मॅगझिनवर अवलंबून असते.

जुन्या .३०३ ली-एनफिल्डचेच पाहा. तिच्या पेटीत दहा काडतुसे मावत. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाला ३०० यार्डांवर एका मिनिटात पंधरा नेमके बार काढावे लागत, म्हणजे मधे एकदा तरी पेटी भरणे आलेच. पाच-पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून ती भरत. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढे सरकत नाही. म्हणून वरच्याची कड नेहमी पुढे हवी. हे ज्याला ठाऊक नाही त्याचा नेम कितीही चांगला असो, तो ऐन वेळी अडकणार. एस.एल.आर.च्या ७.६२ काडतुसाला तशी कड नाही. तिथे दुखणी वेगळी.

ती दुखणी मुख्यतः तीन. पहिले, पेटीच्या वरच्या कडा, ज्यांना रेंजवर 'लिप्स' म्हणतात. मॅगझिन दगडावर पडले की त्या वाकतात, आणि काडतूस तिरके वर येते किंवा येतच नाही. दुसरे, स्प्रिंग. वर्षानुवर्षे दाबून-सोडून ती थकते, आणि बोल्ट मागे जाऊन पुढे येईपर्यंत तिला काडतूस वर ढकलता येत नाही. तिसरे, पेटीच्या अंगाला पडलेला पोचा. बाहेरून तो किरकोळ दिसतो, पण आतली पट्टी नेमकी तिथे अडते. माझ्या त्या मॅगझिनला असाच पोचा होता. याशिवाय चौथे दुखणे आपल्या हातचे असते: मॅगझिन नीट न बसवणे. एस.एल.आर.चे मॅगझिन आधी पुढून अडकवून मग मागे ओढायचे असते. 'खट्' आवाज आल्यावरही एकदा खाली खेचून पाहावे.

आमच्या मुलांना मोठ्या मॅगझिनचे फार आकर्षण. वीसाचे असेल तर तिसाचे का नाही? पण जलद फैरी दहाच झाडायच्या असतील तर वीस जागांचा उपयोग काय? उलट लांब मॅगझिन आडव्या स्थितीत जमिनीला टेकते, रायफल वर उचलली जाते आणि नेम हलतो. अमेरिकेत ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे १९०७ पासून सर्व्हिस रायफलीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरत आल्या आहेत. तिथल्या जलद फैरींत आधी दोन गोळ्या आणि मग, मॅगझिन बदलून, आठ असा क्रम असतो. दहा बारांसाठी दोन मॅगझिने! म्हणजे नेमबाजाला मोठे मॅगझिन नको असते, एकसारखी चालणारी दोन हवी असतात. आणि ६०० यार्डांवरच्या संथ फैरींत तेच लोक एकेक गोळी हाताने भरतात. कामाप्रमाणे मॅगझिन, अशी ही रीत आहे.

नवे ते चांगले, हाही असाच एक गैरसमज. इन्सास रायफलीचे मॅगझिन पारदर्शक प्लॅस्टिकचे. आत किती काडतुसे उरली ते बाहेरून दिसते, ही सोय उत्तमच. पण १९९९ साली कारगिलच्या थंडीत त्या मॅगझिनांना तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या. आम्ही स्पर्धेत तीन गोळ्यांचे गुण गमावले. डोंगरावरच्या जवानाने त्या वेळी काय गमावले असते, हे सांगायला नको. रेंज ही अशा परीक्षेची जागा आहे. दोष सापडायचाच असेल तर तो रेंजवर सापडावा.

तेव्हा माझी सूचना साधी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक घालावा. एक वही ठेवावी आणि सरावात कोणते मॅगझिन कितव्या गोळीला अडकले ते तिच्यात लिहावे. स्पर्धेआधी उस्तादांच्या देखरेखीखाली मॅगझिन वरून बघावे, दोन्ही कडा सारख्या आहेत का ते पाहावे. पट्टी अंगठ्याने पुढून आणि मागून दाबावी, ती न अडखळता वर यावी. आपल्याकडे पावसात गंज आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ. म्हणून पेटी उघडून कोरड्या फडक्याने पुसावी आणि तेलाचा फक्त हात फिरवावा. फार तेल घातले तर धूळ त्याला चिकटून बसते. ज्या मॅगझिनने स्पर्धा खेळायची, त्यानेच आधी निदान दोन-तीन सरावांत पूर्ण फैरी झाडाव्यात. आणि जे दोनदा अडकेल त्यावर लाल पट्टा ओढून ते दुरुस्तीला द्यावे. पेटीत परत टाकू नये.

या शेवटच्या गोष्टीला मात्र थोडे धैर्य लागते. "माझ्या हातून बिघडले असे म्हणतील" या भीतीने मुले गप्प राहतात. मित्रहो, भारतीय नेमबाजी संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि दादासाहेब मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. लोकसभेच्या पहिल्या सभापतींना या खेळाची आस्था वाटावी हे मला अर्थपूर्ण वाटते. सभागृहात काय अन् रेंजवर काय, खोट दिसली की ती वेळेवर आणि नीट शब्दांत सांगावी लागते.

तो धारवाडचा मित्र पुढे सैन्यात गेला. निवृत्तीनंतर एकदा भेटला तेव्हा मी त्याला त्या ट्रकमधल्या संध्याकाळची आठवण दिली. तो म्हणाला, "नंतर मी कुठलंच खराब मॅगझिन पेटीत परत टाकलं नाही." मी म्हणालो, "आणि मी वरचं उचललं नाही." पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजचा चमू रेंजवर उतरेल तेव्हा पेटीजवळ ती वही आणि लाल रंगाची डबी असावी, एवढीच अपेक्षा.