लाइट जाते, मजुरी बुडते

इचलकरंजीत लाइट गेली की गल्लीतला मागांचा खडखडाट एकदम थांबतो आणि माणसे कारखान्याबाहेर येतात. कुणी तंबाखू मळतो, कुणी चहाच्या गाड्याकडे वळतो. एखादा कान देऊन शेजारच्या गल्लीत माग चालू आहेत का ते ऐकतो, म्हणजे बिघाड आपल्याच फीडरवर आहे की सगळ्या गावात, याचा अंदाज येतो. परक्याला ही सुट्टी वाटेल. पण यंत्रमागावर मजुरी तासाची नसते, ती विणलेल्या कापडाची असते. ‘52 पिकाला (म्हणजे आडव्या धाग्यांना) इतके पैसे’ या हिशेबाने मीटरवर मिळणारी. माग उभा राहिला की बाहेर बसलेल्या माणसाच्या आठवड्याच्या पगारातून तेवढे मीटर गेले.

विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा हे घोरपड्यांच्या जहागिरीचे गाव होते. आज त्याला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. मात्र गिरणीमालक म्हणावेत असे लोक इथे थोडेच. बहुतेक कारखाने लहान, आणि त्यातले कितीतरी ‘खर्चीवाले’ : सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, यांना मिळते ती विणून देण्याची मजुरी. अशा माणसाने डिझेलवर जनरेटर चालवून कापड विणायचे ठरवले, तर त्याची सगळी मजुरी डिझेलच्या टाकीतच जाईल.

लाइट परत आली म्हणजे सगळे पूर्ववत झाले, असेही नाही. धोटा अर्ध्या वाटेत थांबलेला असतो. माग पुन्हा सुरू करताना उभ्या धाग्यांचा ताण बदलतो आणि कापडावर आडवी पट्टी उमटते. व्यापाऱ्याचा माणूस तपासणीच्या टेबलावर ती बरोबर हेरतो आणि भाव पाडतो. एअरजेट माग असेल, तर आधी कॉम्प्रेसरमध्ये हवेचा दाब तयार होईपर्यंत वाट बघायची. सायझिंगमध्ये तर नुकसान दडून बसते. खळ दिलेले सूत तापलेल्या सिलिंडरवर अडकून राहिले की जास्त वाळते, ठिसूळ होते. ते सूत गुंडाळलेले बीम पुढे मागावर चढते आणि धागे तुटू लागतात. तेव्हा बोलणी खातो तो विणकर. लाइट गेलेली असते भलत्याच दिवशी, भलत्याच कारखान्यात.

घरीही तेच. कांड्या भरणाऱ्या बाईचे काम नगावर, म्हणजे तिचीही कमाई थांबली. शहराचे पाणी नदीतून उपसून येते. उपसा केंद्राची वीज गेली की नळाला पाणी येण्याचा वार पुढे सरकतो, आणि बुडालेल्या मजुरीच्या दिवसातच घागरी घेऊन हिंडायची पाळी येते.

वळवाच्या वाऱ्यात खांब पडतो, तार तुटते. भर पावसात खांबावर चढणाऱ्या वायरमनला कुणी दोष देऊ नये. प्रश्न हिशेबाचा आहे. वीजपुरवठा किती वेळा आणि किती वेळ खंडित झाला, याचे निर्देशांक वीज कंपन्यांना काढावे लागतात. पण ते मोजतात काही मिनिटांहून लांबलेले खंड. दोन मिनिटांत परत आलेली लाइट त्यांच्या लेखी गेलेलीच नसते. मागाच्या लेखी मात्र दोन मिनिटे आणि वीस मिनिटे, दोन्हींची पट्टी सारखीच उमटते. शिवाय हे आकडे सरासरीचे. एका फीडरचे दुखणे दुसऱ्याच्या सुखात विरून जाते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज काही तास गेली, लोकल थांबल्या आणि लगोलग चौकशीचे आदेश निघाले. ते योग्यच झाले. यंत्रमागाच्या गावात तुकड्या-तुकड्याने जाणाऱ्या तासांची बेरीजही कुणी करत नाही.

सरकारला विषय माहीत नाही असे नाही. पण चर्चा नेहमी दराची. 2024 मध्ये 27 अश्वशक्तीपर्यंतच्या मागांना युनिटमागे एक रुपया आणि त्यावरच्यांना 75 पैसे जादा सवलत जाहीर झाली. सवलत हवीच. मात्र ती वापरलेल्या युनिटवर मिळते, न आलेल्या विजेवर नाही.

भरपाईची सोय कागदावर आहे. 31 डिसेंबर 2020 च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ वीज नसेल किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वेळा ती गेली, तर ग्राहकाला आपोआप भरपाई मिळावी. इथे ‘ग्राहक’ हा कळीचा मुद्दा. विणकराच्या नावावर कारखान्याचे मीटर नाही. उद्या हा नियम चोख पाळला गेला, तरी पैसे मालकाच्या बिलात वळते होतील. कारखान्याबाहेर बसून राहिलेल्या माणसाला त्यातले काही मिळेलच असे नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने विजेच्या टंचाईमुळे काम नाकारले गेले तर निम्मे वेतन देण्याची तरतूद केली, पण 50 पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना वगळून. त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेनेही हीच मर्यादा ठेवली. यंत्रमागाच्या गल्लीत 50 माणसांचा कारखाना शोधायला बराच वेळ लागेल.

मजुरीवाढीच्या पुढच्या वाटाघाटीत पिकाच्या दराशेजारी आणखी एक ओळ यायला हवी : लाइट नसलेल्या तासांची मजुरी, आणि वीज कंपनीकडून भरपाई मिळाल्यास तीत कामगाराचा वाटा. त्यासाठी प्रत्येक औद्योगिक फीडरवर लाइट कधी गेली, कधी आली, याची नोंद दोन मिनिटांच्या खंडासह दर महिन्याला जाहीर व्हावी. उपकेंद्रातल्या नोंदवहीत ती वेळ लिहिली जातेच. कामगार संघटनांनी आणि खर्चीवाल्यांनी एकत्र येऊन ती मागितली पाहिजे.