पत्रा कापावाच लागतो

गाडीचा गंज वरून दिसतो त्यापेक्षा आत कितीतरी जास्त असतो. रंगाला फुगा आलाय म्हणून अंगठ्यानं दाबावं आणि अंगठा आरपार जावा, म्हणजे तिथला पत्रा केव्हाच संपलेला असतो. उभा असतो तो नुसता रंग. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की जो गंज तयार होतो, तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्या रेट्यानं रंग उचलला जातो, चीर पडते, चिरेतून पुन्हा पाणी शिरतं. म्हणून गंजलेली गाडी नुसती उभी ठेवली तरी दर पावसाळ्याला थोडी थोडी संपत जाते. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरला आमच्या घरामागच्या सांदवाडीत सध्या अशीच एक गाडी विटांच्या थरांवर उचलून ठेवली आहे. टेम्पो मेटॅडोर. तिला पुन्हा चालती करायची आणि चार माणसांना आत झोपता येईल, चहा-भात करता येईल अशी तिची फिरती खोली बनवायची, हे काम मी अंगावर घेतलं आहे.

परदेशात या छंदासाठी फोक्सवॅगनची गोल तोंडाची बस घेतात. 1950 साली जर्मनीत ती बनू लागली आणि ब्राझीलमध्ये थेट 2013 पर्यंत बनत राहिली. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा रस्ता काढून गोव्यापर्यंत येणाऱ्या हिप्पी मंडळींच्या अशा गाड्याही आपल्याकडे पोचल्या होत्या. 1979 मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरणं या दोन घटनांनी तो रस्ता बंद झाला. पण अशा गाडीचं मोल आपल्याला बाहेरून कळावं याची काय गरज? आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ अकुर्डीला बनलेली मेटॅडोर त्याच तोडीची आहे, असं मी पूर्ण विचार करून म्हणतो.

स्वातंत्र्यचळवळीतून उद्योगात आलेले नगरचे नवलमल फिरोदिया यांनी 1958 मध्ये हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याशी करार करून बजाज टेम्पोची सुरुवात केली. आधी हान्सिट ही तीनचाकी आली. मग 1969 पासून मेटॅडोर, आणि ती पुढं सुमारे तीस वर्षं बनत राहिली. ही कंपनी 2005 पासून फोर्स मोटर्स या नावानं चालते. मेटॅडोरचं खरं वैशिष्ट्य तिच्या पोटाखाली आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाहीच. त्यामुळं तळ जमिनीलगत आणि सपाट. पेशंट चढवायला सोपी, धानाची पोती चढवायला सोपी, आणि आत पलंग टाकायला तर याहून सोयीची गाडी शोधून सापडायची नाही. नंतरच्या गाड्यांत मर्सिडीज-बेंझच्या परवान्यानं बनवलेलं ओएम 616 जातीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन असे. हे इंजिन इतकं चिवट की लोक ते काढून अॅम्बेसेडर आणि जीपमध्ये बसवत. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. डिझेल, हवा, हीटर प्लग आणि पंप ठीक असला की ते बोलतं. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही चांगल्या मिस्त्र्याला त्यात परकं काही वाटत नाही.

आमच्या झाडीपट्टीत या गाडीला आणखी एक अर्थ आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू होतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात आणि होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात. दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या मातीतून वर आलेली ही रंगभूमी आजही तिकीट काढून पाहिली जाते. तिचं ठाणं इथून जवळच, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात घरोघरी आनंद होता. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. मग पेट्या, पडदे, ऑर्गन, तबला गाडीत भरायचा, तिथंच बसल्या बसल्या झोपायचं आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी तोंडाला रंग लावायचा. माझी ही मेटॅडोर अशाच एका मंडळाकडे राबलेली आहे. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला पेंटरनं काढलेल्या अक्षरांचे अवशेष अजून आहेत. तेवढ्या जागेवर मी ग्राइंडर चालू देणार नाही.

मंडळाकडून ती चुलबंद नदीकाठच्या एका गावात गेली आणि गुरांच्या कोठ्याशेजारी उभी राहिली. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, चुलबंद फुगली आणि पाणी गाडीच्या तळाच्या वर चढलं. पूर ओसरतो, गाळ ओसरत नाही. दाराखालच्या पोकळ पट्ट्या, चेसिसच्या आडव्या पेट्या, चाकांवरच्या कमानी अशा प्रत्येक बंद जागेत तो बसून राहतो आणि उन्हाळ्यातही ओल धरतो. वर टपावर धानाच्या तनसाचा ढीग. जनावरांचा चारा कोरडा राहावा म्हणून रचलेला, पण खालच्या पत्र्यावर त्यानं ओल दाबून धरली. टप मी उघडा केला तेव्हा तो ठिकठिकाणी चाळणीसारखा झाला होता.

सुरुवात धुण्यापासून करायची, ही गोष्ट मी आवर्जून सांगतो. पाणी मारून, तार घालून, हवा मारून आतला गाळ निघाल्याशिवाय वेल्डिंगला हात लावणं म्हणजे रोग आत ठेवून जखम शिवणं. तळाच्या पट्ट्यांना कंपनीनंच पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. ती उघडी असती, तर निम्मा पत्रा वाचला असता. मग वायर ब्रश, छिन्नी आणि हातोडी. टोकदार हातोडीनं हळू ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, बद्द आला तर खडूनं खूण करायची. पूर्ण तळ असा ठोकून झाला तेव्हा खडूच्या खुणाच जास्त होत्या.

आमचे डेंटिंगवाले मिस्त्री फार थोडं बोलतात. लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला तर काम किती स्वस्तात होईल, असं एक पाहुणे त्यांना विचारत होते. मिस्त्री म्हणाले, "लांबीनं झाकून का होते जी? सडला पत्रा कापाच लागते." खरंच कापावा लागतो. गंजाच्या कडेपासून दोन बोटं पुढं, चकाकतं लोखंड लागेपर्यंत. पातळ पत्र्याला साध्या आर्क वेल्डिंगनं भोकं पडतात. तिथं गॅस वेल्डिंग हवं किंवा मिगचं मशीन. तेही सलग ओढायचं नाही. एक टाका इथं, एक तिथं, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा, नाहीतर तो लाटेसारखा वाकतो. वाकडे कोपरे लाकडी ठोकळ्यावर ठोकून हातानं घडवायचे. एसटीच्या नागपूरजवळच्या हिंगणा कार्यशाळेत जुन्या चेसिसवर नवीन बॉडी चढवताना जे कौशल्य लागतं, तेच हे. तालुक्याच्या गावात ते अजून आहे, पण पुढची पोरं ते शिकत नाहीत. त्यांना दोष देणार नाही. तयार भाग बदलण्याचे पैसे पटकन मिळतात, घडवण्याचे मिळत नाहीत.

जिथं पत्रा जाड आहे आणि गंज फक्त वरचा आहे, तिथं रासायनिक इलाज चालतो. फॉस्फरिक आम्लाचा द्राव गंजाचं फॉस्फेट करतो. दुसरा प्रकार टॅनिनचा. टॅनिन गंजाशी मिळून काळा, घट्ट थर धरतं. आमच्या जंगलातल्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असतं, आणि हिरडा व लोखंड यांच्यापासून आपले पूर्वज काळी शाई करत, ती याच गुणावर. गाडीला मात्र मी बाजारातला तयार द्रावच लावतो, कारण त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. घासून चकाकत्या केलेल्या लोखंडावर जस्ताचा प्रायमर, कारण जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. रेडऑक्साइड त्याच्यापुढे फिका.

आतली मांडणी साधी ठेवणार आहे. बिज्याच्या लाकडी फळ्यांचे दोन बाक, उघडले की पलंग. एक लहान सिलिंडर, त्याला बाहेरून हवा लागणारा स्वतंत्र कप्पा. टपाला पांढरा रंग. आतून थर्मोकोल चिकटवायचा सल्ला बरेच जण देतात, तो मी मानणार नाही. पत्रा आणि थर यांच्यामध्ये दव साचतं आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. मधे मोकळी जागा सोडूनच अस्तर लागेल.

कागदांचं काम पत्र्याइतकंच अवघड आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. आरटीओची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि बदल आरसीवर चढावा लागतो. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच झालं, पण ते पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांच्या कामाचं. त्याच वर्षी केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी, नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि रोज रस्त्यावर चालवायला मनाई. मोटारघरात पुसून ठेवलेल्या मोटारींना हा नियम शोभतो. ऊन-पावसात राबलेली मेटॅडोर पन्नाशी गाठेपर्यंत भंगारात वितळलेली असते. माझ्या मते कामकरी गाड्यांसाठी ही अट 30 वर्षांवर यायला हवी.

तुमच्या गावात, कोठ्यामागे अशी एखादी मेटॅडोर उभी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. टपावरचं तनस काढा, चाकं विटांवर उचला, तळाची भोकं तारेनं मोकळी करा आणि आरसी बुक कोरड्या पेटीत ठेवा. मृगाला आता फार दिवस राहिलेले नाहीत.