किल्ली नेमकी कोणाकडे?

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामाच्या खर्चावर तासभर वाद होतो, पाण्याच्या टाकीवर दोन तास. सुरक्षेचा ठराव मात्र पाच मिनिटांत मंजूर होतो. फाटकावर कॅमेरे, लिफ्टमध्ये कॅमेरा, पाहुण्यांच्या नोंदीसाठी ॲप, प्रवेशद्वाराला कार्डावर उघडणारे कुलूप आणि हे सारे एकाच मोबाइलवर दिसण्याची सोय. ही सोय खोटी नाही. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाला घरी एकट्या असलेल्या आईची खुशाली कळते, दाराशी कोण आले आहे ते आजींना दार न उघडता दिसते. तरीही अशा ठरावात एक प्रश्न सहसा राहून जातो. वीज गेली, आग लागली किंवा पासवर्ड भलत्याच्या हाती पडला, तर ही एकमेकांना जोडलेली यंत्रणा कशी वागेल?

यातील पासवर्डच्या प्रश्नाचे उत्तर फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटला मिळाले. तेथील एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या महिलांची सीसीटीव्हीतील दृश्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवरून विकली जात असल्याचे उघड झाले. कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत बाहेरून शिरकाव करून ती मिळवली गेली होती. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. ज्या खोलीत रुग्ण आणि डॉक्टर यांच्याखेरीज कोणी असू नये, तिथे सुरक्षेच्या नावाखाली बसवलेल्या यंत्राने अनोळखी बाजार आणून उभा केला. चोरीची भीती असलेल्या ठिकाणी कॅमेरा हवाच, पण तपासणीच्या खोलीत तो कशासाठी आणि त्यातील चित्र इंटरनेटवर जाण्याची गरज काय, हे बसवण्यापूर्वी विचारायला हवे होते.

असे का होते, हे समजायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. इंटरनेटला जोडलेला प्रत्येक कॅमेरा, डीव्हीआर किंवा राउटर हा मुळात छोटा संगणक असतो. कारखान्यातून निघताना त्याला एक ठरावीक पासवर्ड दिलेला असतो आणि बसवणारा माणूस घाईत तोच ठेवून जातो. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमका याचाच फायदा घेतला. असे साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक वापरून त्याने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच बळकावलेल्या यंत्रांनी ‘डाइन’ या कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातील यंत्रे यात वापरली गेली, त्यांना बहुधा पत्ताही लागला नसेल.

यंत्रे एकत्र जोडली की धोक्याचे स्वरूप आणखी बदलते. दहा कुलपांना दहा किल्ल्या असतील, तर एक हरवल्यास एक दार उघडते. सगळ्यांना मिळून एकच किल्ली असेल, तर सगळी दारे उघडतात. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील ‘वेरकाडा’ या कंपनीच्या बाबतीत हेच घडले. सर्वाधिकार असलेल्या एकाच खात्याचा पासवर्ड हाती लागल्याने घुसखोरांना रुग्णालये, शाळा आणि तुरुंग यांच्यासह सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत वाट मिळाली. आपल्याकडील सोसायटीत ही ‘सर्वाधिकाराची किल्ली’ अनेकदा कॅमेरे बसवणाऱ्या ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये असते. देखभालीचा करार संपतो, ठेकेदार बदलतो, सेक्रेटरी बदलतात. पासवर्ड तोच राहतो.

दुसरा धोका पडद्यावर दिसत नाही, कारण तो दाराच्या चौकटीत असतो. इमारतीच्या प्रवेशद्वाराला बसवली जाणारी विजेवरची कुलपे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. चुंबकीय कुलूप विजेच्या जोरावर दार धरून ठेवते, वीज तुटली की दार सुटते. दुसऱ्या प्रकारात वीज गेली तरी खिटी अडकलेलीच राहते. चोर अडवण्यासाठी दुसरा प्रकार बरा, पण जिन्याकडे किंवा बाहेर जाणाऱ्या वाटेवर, आतून हाताने उघडण्याची सोय नसेल तर तो जीवघेणा ठरू शकतो. चुंबकीय कुलपावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. त्याला बॅटरीचा आधार दिलेला असतो, त्यामुळे इमारतीची वीज गेली तरी ते धरूनच राहते. म्हणून आगीची घंटा वाजताच कुलपाची वीज आपोआप तुटेल, अशी तारेने थेट केलेली जोडणी हवी. मोबाइलवरून उघडता येईल, हे याला उत्तर नव्हे. धुराने भरलेल्या जिन्यात कोणी ॲप उघडत बसत नाही.

आगीत बहुतेक जीव ज्वाळांनी नव्हे, तर धुराने जातात. त्यातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस भोवळ येऊन पडतो आणि झोपेत असेल तर जागाही होत नाही. म्हणूनच धुराची चाहूल घेऊन मोठ्याने वाजणारी साधी घंटा ही घरातील सर्वांत मोलाची सुरक्षायंत्रणा आहे. ठरावांच्या यादीत मात्र ती कॅमेऱ्यांच्या खाली असते, किंवा नसतेच. ती इंटरनेटशी जोडायला हरकत नाही, पण इंटरनेट बंद असतानाही ती वाजलीच पाहिजे.

गॅसगळती टिपणाऱ्या सेन्सरचेही असेच आहे. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. त्याचा सेन्सर खाली हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताकडे जातो. त्याचा सेन्सर वर हवा. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला आणि सेन्सर ओट्याखालीच राहिला, तर ॲपवर हिरवा दिवा दिसत राहील आणि गॅस वर साचत जाईल. यंत्र कितीही ‘स्मार्ट’ असले तरी ते कोणत्या वायूसाठी आहे आणि कुठे लावायचे, हे माणसालाच कळावे लागते.

कायदा हळूहळू जागा होतो आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती जोडणीच्या उपकरणांना सगळीकडे सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड देण्यास मनाई आहे. भारतातही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. हे नियम नव्या मालासाठी आहेत. भिंतीवर आधीच बसलेल्या कॅमेऱ्यांची काळजी ज्याची त्यालाच घ्यावी लागेल. त्यासाठी नवे खातेही काढायला नको. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्याच दिवशी आगीची घंटा वाजवून प्रवेशद्वाराचे कुलूप खरोखर सुटते का, हे पाहिले तर फार तर पाच मिनिटे जातील. त्याच दिवशी पासवर्ड बदलावेत, यंत्रांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि जुन्या ठेकेदाराचे व जुन्या पदाधिकाऱ्यांचे प्रवेश बंद करावेत. कॅमेऱ्यांचे राउटर सोसायटीच्या कार्यालयीन वाय-फायपासून वेगळे ठेवावे. चित्रण कोण पाहू शकतो आणि ते किती दिवस ठेवले जाते, हे सूचनाफलकावर लावावे.

सभेत पुढच्या वेळी एकत्रित यंत्रणेचे दरपत्रक आले, तर किमतीआधी तीन प्रश्न विचारले जावेत. सर्वाधिकाराची किल्ली कोणाकडे राहील? इंटरनेट गेल्यावर काय चालू राहील? आणि आग लागल्यावर दार कोण उघडेल? यांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर तो ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबला तरी चालेल. चोराला बाहेर ठेवणे हे सुरक्षेचे अर्धेच काम आहे. आत असलेल्या माणसाला वेळेवर बाहेर पडता येणे, हे उरलेले अर्धे. आणि त्यात झालेली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.