उठून उभे राहण्याचे बळ

दुपारचे जेवण आटोपलेले असते. आयुष्याची चाळीस वर्षे पेढीच्या गादीवर बसून व्यवहार सांभाळलेले आजोबा पाटावरून उठू पाहतात. एक हात गुडघ्यावर टेकलेला, दुसरा भिंतीचा आधार शोधणारा. तेवढ्यात नातू धावत येऊन त्यांना दंडाला धरून वर ओढतो आणि सूनबाई म्हणतात, "बाबा, तुम्ही कशाला उठता? काय हवे ते सांगा, जागेवर आणून देते." घरोघरी दिसणारे हे दृश्य निखळ मायेचे आहे. तथापि या मायेतून ज्येष्ठांची एक हानी नकळत होत असते. ती कोणती, हे समजण्यासाठी उठण्याच्या त्या दोन क्षणांत देहामध्ये काय घडते, ते पाहावे लागते.

मानवी शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. निरोगी प्रौढाच्या वजनाचा साधारण ३० ते ४० टक्के भाग अस्थींना जोडलेल्या स्नायूंचाच असतो. हृदयाचे आणि आतड्यांचे स्नायू माणसाच्या इच्छेची वाट न पाहता काम करतात. हातापायांचे स्नायू मात्र मनाच्या आज्ञेने चालतात. उठताना मुख्य भार पडतो तो नितंबांच्या स्नायूंवर आणि मांडीच्या पुढील बाजूच्या चार शिरांच्या बळकट स्नायूवर. हा स्नायू कंडरेच्या द्वारे गुडघ्याच्या वाटीला व तेथून नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. तो आखडला की गुडघा सरळ होतो. स्नायूला केवळ ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून गुडघा वाकवण्यासाठी मांडीच्या मागील बाजूस दुसरे स्नायू योजलेले आहेत.

सुतळीचे पदर उलगडावेत तसा स्नायू उलगडत जातो. त्यात तंतूंच्या जुड्या असतात, प्रत्येक तंतू केसासारखा बारीक, आणि त्या तंतूच्या पोटात शेकडो सूक्ष्म तंतुके. प्रत्येक तंतुक म्हणजे सार्कोमिअर नावाच्या इवल्या खंडांची एकापुढे एक लावलेली माळ. एका मिलिमीटर लांबीत असे चारशेहून अधिक खंड मावतात. प्रत्येक खंडात दोन प्रकारच्या प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. जाड धागे मायोसीनचे आणि बारीक धागे ॲक्टिनचे.

हे धागे स्वतः आखूड होतात म्हणून स्नायू आखडतो, असा समज पूर्वी होता. १९५४ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते. परंतु दोघांचा निष्कर्ष एकच निघाला. धाग्यांची लांबी बदलत नाही. ते एकमेकांवरून सरकतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून तळवे जवळ आणावेत, तेव्हा बोटे जशी आखूड न होता आत सरकतात, तसेच हे घडते.

उठण्याचा विचार मनात येताच मेंदूचा संदेश मज्जारज्जूतून चेतातंतूंमार्फत मांडीपर्यंत पोहोचतो. तो पोहोचल्याबरोबर तंतूंमधील सूक्ष्म कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडते. ॲक्टिनवरील पकडीच्या जागा झाकून बसलेली प्रथिने कॅल्शियममुळे बाजूला सरतात. मायोसीनची टोके तेथे पकड घेतात, ओढतात, सोडतात आणि पुढच्या जागी पुन्हा पकडतात. एका ओढीत धागा सरकतो तो फार तर मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढा. अशा असंख्य ओढींची बेरीज झाली म्हणजे आजोबा उभे राहतात.

या व्यवहारातील रोकड म्हणजे एटीपी हे ऊर्जाद्रव्य. स्नायूच्या गल्ल्यात ते जेमतेम काही सेकंदांपुरतेच शिल्लक असते. म्हणून अन्न आणि प्राणवायू यांच्या साहाय्याने ते अखंड तयार करावे लागते. विशेष हे की, ही रोकड पकड सोडवण्यासाठीही खर्चावी लागते, आणि बाहेर आलेले कॅल्शियम परत कोठारात भरण्यासाठीही. मृत्यूनंतर एटीपी संपते, पकड सुटत नाही, आणि काही तासांत देह ताठर होतो, त्याचे कारण हेच. सैल पडणे हेसुद्धा जिवंत स्नायूचेच कार्य आहे.

स्नायूचा जमाखर्च शरीर फार काटेकोरपणे ठेवते. ज्या स्नायूला काम नाही, त्याच्यावर प्रथिने खर्च करणे ते थांबवते. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट अधिक वेग घेते. या झिजेला १९८९ साली 'सार्कोपेनिया' हे नाव मिळाले. दिवसभर गादीवर वा खुर्चीत बसणाऱ्याची झीज लवकर होते, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची तर काही दिवसांतच. ही झीज दुखत नाही, म्हणून ती ध्यानातही येत नाही. एके दिवशी पाटावरून उठवत नाही, पुढे खुर्चीतून उठवत नाही. आणि तोल जाऊन पडलेल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर साऱ्या घराची घडीच विस्कटते.

मात्र ही घट अटळ मानून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. बोस्टनमधील एका वृद्धसेवा केंद्रात सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा अशक्त ज्येष्ठांना देखरेखीखाली मांडीच्या स्नायूंचा भारयुक्त व्यायाम आठ आठवडे देण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूदेखील कामाच्या हाकेला ओ देतो, हे त्यातून सिद्ध झाले. सराव थांबताच मिळवलेले बळ उतरू लागते, हेही तेथेच दिसले.

यासाठी घरात कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या भक्कम खुर्चीतून सावकाश उठावे आणि त्याहून सावकाश बसावे. धपकन बसणे टाळावे. कारण बसतानाही मांडीचा स्नायू लांबत असता भार तोलत असतो व बळकट होतो. श्वास रोखू नये. आरंभी हातांचा आधार घेऊन चार-पाच वेळा, पुढे झेपेल तसे वाढवावे. हृदयविकार, चक्कर, गुडघ्याची तीव्र वेदना किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास वैद्यकीय सल्ल्यानेच प्रारंभ करावा. स्नायू प्रथिनांचा बनलेला असल्याने ज्येष्ठांचे ताट नुसत्या मऊ भातावर भागवू नये. मूग, मटकी, हरभरा, तूर, दूध, दही यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आणि घरातील मंडळींनी थोडा धीर धरावा. पाण्याचा तांब्या आजोबांना स्वतः उठून घेऊ द्यावा. सामायिकाला बसलेल्या आजींना आपल्या गतीने उठू द्यावे. नातवाने जवळ अवश्य उभे राहावे, हातही पुढे करावा, परंतु ओढू नये. आजोबांनी तो हात धरावा आणि मांडीच्या बळाने उठावे. त्याला दोन क्षण अधिक लागतील. ते त्यांना द्यावेत.